वीस व्हायोलिनं आणि एक पैलवान

पैलवानाचं वजन किती असेल यावर आमच्यात नेहमी वाद व्हायचा. व्हायोलिनच्या पेटीसकट धरायचं की पेटीशिवाय, इथूनच सुरुवात. माणूस म्हणजे नुसती काडी. शर्टाच्या आत कुणी आहे की शर्ट एकटाच फिरायला निघालाय, हे मागून बघणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून पैलवान. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते असं चिकटलं की त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यासुद्धा फोनवर "पैलवान बाहेर गेलेत" असंच सांगायच्या.

आम्ही दोघं एका स्टँडवर वाजवायचो. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याच्या रेकॉर्डिंगला वीस व्हायोलिनं असली तर नोटेशनचे स्टँड दहाच असतात. दोघांत एक कागद. पान संपलं की आतल्या बाजूला बसलेल्याने वाजवणं थांबवायचं, पान उलटायचं आणि पुन्हा गाण्यात शिरायचं. बाहेरच्याने मात्र वाजवत राहायचं. मी आत बसायचो. थोडक्यात, उभा जन्म मी पैलवानाची पानं उलटण्यात घालवला आणि प्रत्येक गाण्यात माझे दोन-चार सूर कमीच वाजले. लोकांना ते कधी कळलं नाही, कारण लोकांना व्हायोलिनवाले दिसतच नाहीत.

पैलवानाला एक खोड होती. सूर लावायच्या आधी तो नाकाने श्वास ओढायचा. सूं. तेवढंच. शेजारी बसल्यावर ऐकू यायचा आणि माइकलाही यायचा. काचेच्या खोलीत बसलेला रेकॉर्डिस्ट तिथून म्हणायचा, "पैलवान, नाक." मग हा श्वास कोंडून बसायचा आणि हमखास उशिरा शिरायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून तोडगा काढला, याला माइकपासून जितकं लांब बसवता येईल तितकं बसवा. तर अशा रीतीने त्याच्या नाकापायी मीही कायमचा शेवटच्या रांगेत गेलो. वाजवायचा मात्र असा, की पहिल्या रांगेतले मान वळवून बघायचे. हे मी मैत्रीखातर सांगत नाही. मैत्रीखातर मी त्याला बऱ्याच गोष्टी तोंडावर सांगितल्यात आणि त्यातल्या बहुतेक छापण्यासारख्या नाहीत.

त्याला एक मुलगा. आम्ही त्याला चिरंजीव म्हणायचो. चिरंजीवांनी व्हायोलिन शिकावं, आपल्याबरोबर रेकॉर्डिंगला यावं आणि एक दिवस आपल्या स्टँडवर बसावं, असं पैलवानाचं ठरलेलं. (म्हणजे मी कुठे जायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तू तोवर मरशील की.") पोराचा हात चांगला होता. पण चार वर्षं शिकून एक दिवस त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि बापाला सांगितलं, "बाबा, मला तुमच्यासारखं मागे बसून दुसऱ्याचं वाजवायचं नाही."

बोलायची ही पद्धत नव्हे, हे मान्य. पण पोरगं खोटं बोललं नव्हतं, आणि पैलवानाला नेमकं तेच झोंबलं. पुढचं दीड वर्ष बापलेक एकमेकांशी वहिनींच्या मार्फत बोलत होते. एकाच खोलीत बसून. "त्याला म्हणावं, मीठ दे." "त्यांना म्हणावं, समोरच आहे." वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मला आता दोघांचा आवाज काढता येतो, कुणी तिसरा लागतच नाही."

चिरंजीवांनी कर्ज काढून एक कम्प्युटर आणला आणि आतली खोली अडवली. त्यात काय करत होता ते कुणाला कळत नव्हतं. कानात काहीतरी घालून बसायचा. पैलवान दारावरून जाताना आत बघायचा नाही, पण पावलं हळू पडायची. हे मला वहिनींनी सांगितलं.

मग एक दिवस पोरगं आपण होऊन बाहेर आलं आणि थेट बापाशी बोललं. "बाबा, तुमचे सूर रेकॉर्ड करायचेत. एकेक करून. वाजवाल?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पैलवान मला हे सांगत होता तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, भांडण झालं. नव्हतं झालं. माणूस खुश होता. त्याला खुश व्हायची सवय नसल्यामुळे ते ओळखू येत नव्हतं इतकंच.

मग रोज दुपारी हा उद्योग सुरू झाला. आतल्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. खिडकीवर गोधडी. पंखा बंद, फ्रीज बंद. वहिनींना ताकीद, की दुपारी कुकर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही, शिंक आली तर जिन्यात जायचं. आणि त्या भट्टीत पैलवान एकेक सूर वाजवायचा. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर, लांब गज ओढून, मग आखूड, मग हळू, मग जोरात, मग तार बोटाने छेडून. चिरंजीव समोर स्टुलावर बसलेले. एकेक सूर ऐकून मान डोलवायचे, किंवा म्हणायचे, "बाबा, पुन्हा." आणि ज्या माणसाने मोठमोठ्या संगीतकारांनी 'पुन्हा' म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्या, तो मुकाट्याने पुन्हा वाजवायचा.

"तो ऐकतो रे," मला म्हणाला. "कान देऊन ऐकतो. काल विचारत होता, बाबा, हा सूर तुम्ही मनगटाने काढता की कोपराने? चार वर्षं शिकवलं तेव्हा एकदा विचारलं नाही त्याने हे." त्याची समजूत अशी, की पोरगं पुन्हा व्हायोलिनकडे वळलंय, फक्त कबूल करायला लाजतंय. मीही म्हटलं, असेल. तो कम्प्युटर त्या सुरांचं पुढे काय करणार, हे विचारायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटलं, पोरगं अभ्यास करतंय. आमच्या पिढीत अभ्यासाला सगळं माफ होतं.

मग चिरंजीवांचं पहिलं गाणं आलं आणि चाललं. दुसरं धावलं. तिसरं तर असं, की सलूनमध्ये, टॅक्सीत, लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलं तरी तेच. पैलवानाची त्या दिवसांतली तऱ्हा मी जवळून पाहिली. वाण्याच्या दुकानात गाणं लागलं की हा साबण घ्यायला शिरायचा. घरी साबणाची रांग लागली. गाणं संपेपर्यंत उभा राहायचा आणि मग दुकानदाराला म्हणायचा, "बरं आहे, नाही?" दुकानदार म्हणायचा, मस्त आहे. की हा लगेच म्हणायचा, "पण सगळंच गोड. मधे कुठे श्वास घ्यायला जागा नको का?" आणि माझ्या मुलाचं आहे, हे सांगून बाहेर पडायचा. दोन्ही गोष्टी त्याला एकाच दमात सांगायच्या असायच्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा अभिमानाने सांगतोय की तक्रार करतोय, याचा पत्ता लागायचा नाही.

मी एकदा सरळ विचारलं, "जळतोस का पोरावर?"

"थोडा," तो म्हणाला. "इतकी वर्षं वाजवलं. कुठल्या रेकॉर्डच्या पाकिटावर, कुठल्या पोस्टरवर कधी नाव आलं आपलं? त्याचं बघ, हॉटेलच्या पाटीएवढं अक्षर." मग म्हणाला, "पण अक्षर छान आहे."

चिरंजीवांनी आईबापांना मोठ्या घरात बोलावलं. हे दोघं गेले नाहीत. मग त्याने यांच्याकडे एक सोफा पाठवला. तो दारातून आत येईना. दाराची चौकट काढावी लागली. सोफा आत आला आणि खोली संपली. पैलवान त्यानंतर रियाझ उभ्याने करायचा, कारण बसलं की कोपर सोफ्याच्या पाठीला लागायचं आणि सोफ्यावर बसलं तर माणूसच आत बुडायचा. ज्याचं वजन सोफ्याला कळलंसुद्धा नसतं, तो कसा काय बुडायचा, देव जाणे.

पोरगं स्वतः फारसं येत नव्हतं. कामात बुडालं होतं. फोन करायचं, तोही गाडीतून, म्हणजे गाडी पोचली की फोन संपायचा.

आता आमचं काय झालं ते सांगतो. वीस व्हायोलिनांची आधी बारा झाली. मग आठ. मग एका गाण्याला गेलो तर आम्ही चौघंच. मी विचारलं, बाकीचे यायचेत का? रेकॉर्डिस्ट म्हणाला, बाकीचे आत आहेत, आणि कम्प्युटरकडे बोट दाखवलं. पुढे पुढे चौघंही नको झाले. फक्त मी आणि पैलवान उरलो, तेही मींड हवी असेल तेव्हाच. मींड म्हणजे एका सुरावरून बोट न उचलता दुसऱ्या सुरावर घसरत जाणं. एकेक सुटा सूर कम्प्युटरमध्ये असतो, पण मधली ती घसरण त्याला जमत नव्हती. त्या घसरणीवर आमच्या दोघांची घरं चालत होती.

बाकीच्यांपैकी एक जण टॅक्सी चालवायला लागला. दोघं-तिघं पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागले. आमचे लीडर, ज्यांना आम्ही तिशीत केस पिकल्यापासून आजोबा म्हणायचो आणि जे आता खरेच आजोबा झाले होते, ते नुसते घरी बसले. तरी सकाळी सगळे स्टुडिओसमोरच्या टपरीवर यायचे. काही जण व्हायोलिन घेऊन यायचे. कुणी बोलावलं तर हाताशी असावं म्हणून. कुणी बोलावत नव्हतं. पण घरून निघताना हातात पेटी नसली की बायको विचारते, कुठे निघालात?

अशाच एका सकाळी टपरीच्या रेडिओवर चिरंजीवांचं नवीन गाणं लागलं. सुरुवातीलाच व्हायोलिनं. भरगच्च, वीसेक तरी. मी बशीत चहा ओतत होतो आणि माझा हात थांबला. सूर लागायच्या आधी मला ऐकू आलं. सूं.

मला वाटलं, पैलवान शेजारी बसलाय म्हणून. तसा तो बसलाच होता, पण त्याचं तोंड चहात होतं. पुढची ओळ आली. पुन्हा सूं. वीसच्या वीस व्हायोलिनं एकाच नाकाने श्वास घेत होती. दुसऱ्या कुणाला ते कळणं शक्य नव्हतं. माझी गोष्ट वेगळी. मी त्या नाकाशेजारी आयुष्य काढलं होतं.

मी पैलवानाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यावरूनच मला समजलं की हे त्याला आधीपासून माहीत आहे.

त्याला बाजूला घेतलं. "हे कधीपासून चाललंय?"

"पहिल्या गाण्यापासून," तो म्हणाला. "मला तिसऱ्याला कळलं."

"आणि तू गप्प बसलास?"

"काय सांगू? या सगळ्यांना हाकलून यांच्या खुर्च्यांवर मी एकटा बसलोय, असं सांगू? मी मुद्दाम केलं का? मला वाटलं, पोरगं शिकतंय." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आधी त्याने श्वास कापून टाकले होते. मग म्हणे, गाणं मेल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून परत घातले." आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर एक समाधान होतं, ते बघून माझं टाळकंच सटकलं. ज्या नाकापायी आम्ही मागच्या रांगेत सडलो, ते नाक आता गावभर वाजत होतं आणि हा त्यावर खुश होता. पण दुसऱ्या क्षणी त्याने टपरीवर बसलेल्या आजोबांकडे बघितलं आणि तोंड असं उतरलं, की मला पुढे बोलायचं जिवावर आलं. मी तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप लावून उपयोग झाला नाही. चिरंजीवांना एक मोठं बक्षीस मिळालं आणि त्यांचा सत्कार ठरला. पोरगं वाईट नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. त्याने आम्हा सगळ्या व्हायोलिनवाल्यांना स्वतः फोन करून बोलावलं. आमच्यासाठी एक अख्खी रांग राखून ठेवली, खुर्च्यांवर कागद चिकटवून. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही पुढून तिसऱ्या रांगेत बसलो. आजोबा इस्त्रीचा कोट घालून आले होते. पैलवान आणि वहिनी पहिल्या रांगेत, अगदी मधे.

चिरंजीव बोलायला उभे राहिले. कुणाकुणाचे आभार मानले. आणि मग म्हणाले, "मला सगळे विचारतात, तुझी व्हायोलिनं इतकी जिवंत कशी वाटतात? इतके वादक तू आणतोस कुठून? आज सांगतो. मी कुणालाच आणत नाही. माझ्या प्रत्येक गाण्यातलं प्रत्येक व्हायोलिन माझ्या बाबांनी वाजवलंय. एकट्याने. आमच्या आतल्या खोलीत बसून. बाबा, जरा उभे राहता?"

त्याच्या मनात बापाचा मान होता, दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं मागे बसलेल्या माणसाला त्याला सगळ्यांच्या पुढे उभं करायचं होतं. वर बसवलेला दिवा फिरला आणि पैलवानावर येऊन थांबला.

पैलवान उभा राहिला. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. आमची रांग सोडून. टाळ्या थांबेनात म्हणून त्याला वळून सगळ्यांकडे बघावं लागलं आणि वळला तसा तो आमच्याकडे बघत राहिला. त्याला हात जोडायचे होते, ते अर्ध्यातच राहिले. वहिनींनी शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

बाहेर पायऱ्यांवर आजोबा त्याची वाट बघत थांबले होते. मला वाटलं, आता कानाखाली बसते. आजोबा शांतपणे म्हणाले, "छान वाजवतोस. वीसच्या वीस." आणि निघून गेले. मारलं असतं तर परवडलं असतं.

त्यानंतर टपरीवर पैलवान आला की गप्पा बंद व्हायच्या. त्याने चहा सांगितला तर कुणाला नुकताच झालेला असायचा, कुणाला पित्त. टॅक्सीवाला तर उठून गाडी पुसायला जायचा. मी बोलत होतो त्याच्याशी, पण मीही मोठ्या मनाने नाही. मला राग होता. त्या घसरणीचे कॉल, म्हणजे रेकॉर्डिंगची बोलावणी, अजून माझ्या वाट्याला येत होते म्हणून मला बोलणं परवडत होतं, हेही खरं. पैलवान तरी रोज यायचा. एका टोकाला बसायचा, चहा प्यायचा, जायचा. मी म्हटलं, कशाला येतोस? म्हणाला, "न आलो तर लपलो असं होईल."

मग एक दिवस तो आला आणि बसला नाही. उभ्यानेच सगळ्यांना म्हणाला, "आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सांगतो." एका मोठ्या कंपनीला चिरंजीवांची ती व्हायोलिनं हवी होती. जगात कुणालाही विकत घेता येतील अशी. मग ज्याच्याकडे कम्प्युटर, त्याच्याकडे पैलवानाची वीस व्हायोलिनं. एकच गोष्ट कमी पडत होती. मींड. ती पैलवानाने वाजवून दिली की काम पुरं. कंपनीचा स्टुडिओ थंडगार, न्यायला आणायला गाडी, सगळं साग्रसंगीत. चिरंजीवांनी फोनवर सांगितलं होतं, बाबा, तुमच्यासारखी मींड कुणाची नाही.

"मग?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"मग काही नाही. अजून उत्तर दिलं नाही."

त्याने हो म्हटलं तर आम्हा दोघांचे उरलेसुरले कॉल आणि बाकीच्यांची कधीतरी बोलावणं येईल ही आशा, दोन्ही संपणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. नाही म्हटलं तर पोटच्या पोराच्या वाटेत बाप आडवा येणार.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्या सोफ्याच्या एका कोपऱ्यात तो बसला होता. मला बघून म्हणाला, "तू नको म्हण. तू नको म्हणालास की मी त्याला नाही सांगतो."

"माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस," मी म्हटलं. "पोरगं तुझं, व्हायोलिन तुझं. मी फक्त पानं उलटतो."

वहिनी आतून बाहेर आल्या. हात पुसत होत्या. म्हणाल्या, "मला एक सांगा दोघं. पोर पुढे गेलं की सुतक पाळणारं घर हे एवढंच का?" त्यांनी चहा केला, पण कप जरा जोरात ठेवले.

आठवडाभराने पैलवान टपरीवर आला आणि एका टोकाला बसत म्हणाला, "नाही म्हणून सांगितलं त्याला."

आधी कुणाला खरं वाटलं नाही. मग आजोबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पैलवानाच्या शेजारी जाऊन बसले आणि आपल्या हातातला चहा त्याच्या हातात दिला. टॅक्सीवाल्याने त्याची पाठ थोपटली, तेव्हा पैलवान बाकड्यावरून पडता पडता वाचला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, अशी माणसं आता मिळत नाहीत. कुणी म्हणालं, आम्ही तुला ओळखलं नाही रे. एकाचे डोळेही भरले. माझेही भरले, कशाला खोटं बोलू? पैलवान चहाकडे बघत होता.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला उगाच आशा नको. कंपनीने दुसऱ्या कुठल्या तरी शहरातली एक मुलगी शोधली. तिने मींड वाजवून दिली. छान वाजवते, मी ऐकलंय, खोट काढायला बसलो होतो, सापडली नाही. ती व्हायोलिनं बाजारात आली आणि आमचे कॉल बंद झाले. मी आता शिकवण्या करतो. चिरंजीवांनी बापाचा नकार मनाला लावून घेतला नाही. अजूनही फोन करतात, गाडीतून.

तर त्याने नकार सांगितला त्या दिवशी टपरीवरून आम्ही दोघं बसस्टॉपकडे चाललो होतो. माझं मन भरून आलं होतं. मी म्हटलं, "पैलवाना, मोठं काम केलंस. आम्हा सगळ्यांसाठी पोराला नाही म्हणायचं म्हणजे खायचं काम नाही."

तो थांबला. "तुमच्यासाठी नाही म्हटलं नाही."

"म्हणजे?"

"मी त्याला विचारलं, वाजवताना तू असशील ना? तर म्हणाला, बाबा, माझी काय गरज? कंपनीची माणसं आहेत, ती करतील सगळं. मला तेव्हा बाहेर जायचंय." पैलवानाने पेटी या हातातून त्या हातात घेतली. "मागच्यासारखा समोर बसणार असता ना, तर मी वाजवलं असतं. तुमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय देऊन वाजवलं असतं. आजोबांच्यासुद्धा."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण तो वर पोचला नाही. मी म्हटलं, "मग तसं सांग की त्याला. तू समोर बस, मी वाजवतो. चांगला मुलगा आहे, येईल."

"येईल," तो म्हणाला. "काम सोडून येईल. पंधरा दिवस बसेल. मग सगळे सूर झाले, सगळ्या मींडा झाल्या, काहीच राहिलं नाही, की त्यानंतर त्याला काय सांगून बोलावू?"

बस आली तसा तो पेटी सांभाळत चढला. आजोबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की पैलवानाने आमच्यासाठी पोटच्या पोराला नाही म्हटलं. पैलवान मान खाली घालतो आणि मी हो म्हणतो.